धुपाचा वास जाईपर्यंत

ईशान आणि रेवा,

मागच्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा शेजारच्या बाईंचा डबा परत पाठवताना मी त्यात थोडी खडीसाखर टाकली. रेवाने विचारलं, "आजी, त्यांना साखर हवी होती का?" नव्हती. भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढंच. ही रीत मला आईने शिकवली होती. पण ती किती लांबवर पाळावी लागते, हे मी कृष्णाक्कांकडे पाहिलं. त्यांच्याविषयी कधीतरी नीट लिहीन असं तेव्हा म्हणाले होते. आज सकाळपासून आभाळ भरून आहे, पण पाऊस नाही. अशा मंद उजेडात जुनं बंगळूर आपोआप डोळ्यांसमोर येतं, म्हणून लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले, तेव्हा एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि आम्ही चामराजपेटेत एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे मधल्या अंगणाभोवती ओळीने बांधलेली बिऱ्हाडं; नळ एक, तुळस एक आणि भांडणं सगळ्यांची मिळून. अंगणाच्या पूर्वेच्या टोकाला दोन खोल्यांत कृष्णाक्का एकट्या राहत. मूळच्या धारवाडकडच्या, लवकर विधवा झालेल्या. त्यांचं मराठी कानडीत भिजलेलं होतं. पहिल्याच दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "काय ग विमला, पुण्याची म्हणे तू? इंग्रजी शिकलीस म्हणे? असू दे. भात चिकट होतोय का मोकळा, ते आधी सांग." भात चिकट होत होता. त्यांनी आत येऊन पातेल्यात बोट बुडवून पाणी किती हवं ते दाखवलं आणि निघून गेल्या.

अक्का ठेंगण्या होत्या. डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे. चालताना एका बाजूला किंचित झुकत, जणू कोणी त्यांच्या कानाशी लागून काही सांगत बरोबर चाललं आहे. त्यांची मडी, म्हणजे आपलं सोवळं, कडक होती. पण त्या सोवळ्याला एक दुसरं अंग होतं. रांगोळी त्या दगडाच्या भुकटीची काढत नसत, तांदळाच्या पिठाची काढत. मुंग्यांना खाता यावी म्हणून. भाताची पेज, आंघोळीचं उरलेलं पाणी, काहीही कढत मोरीत ओतायचं नाही. आधी निववायचं आणि मग ओतायचं. "आत बारकी बारकी जनावरं असतात ग. त्यांना काय माहीत, आपला भात झाला म्हणून?" माझ्या हातून एकदा उकळतं पाणी ओतलं गेलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. मोरीपाशी उकिडव्या बसून खाली बघत राहिल्या, एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळल्यावर बसावं तशा.

आणि त्यांना हरवलेल्या वस्तू सापडत.

कशा सापडत ते मला आजही कळलेलं नाही. आपण सगळे त्याच रस्त्याने जातो. पण अक्का देवळातून आल्या की हातात काहीतरी असे: छत्री, एका पायाची चप्पल, कुलूप नसलेली किल्ली. त्या वस्तूला त्या 'पाहुणं' म्हणत. "वाट चुकलेलं पाहुणं आहे. चार दिवस राहील, मग आपण त्याला घरी पोचवू." वस्तू खुंटीवर टांगली जाई आणि तिचा मालक सापडेपर्यंत अक्कांना चैन पडत नसे. ओरडून विचारायचं नाही, चिठ्ठी लावायची नाही. वस्तू जिथे सापडली तिथे जाऊन बसायचं. "माणूस हरवल्या जागी परत येतो. न येऊन जाईल कुठं?"

एकदा त्यांच्याकडे पोपट आला. पिंजऱ्यासकट, तुळशीवृंदावनाशेजारी कोणी ठेवून गेलं होतं की काय, देव जाणे. तो फक्त एक वाक्य बोलायचा, "चाय लाव, चाय लाव," आणि तेही एखाद्या रुसलेल्या म्हाताऱ्याच्या आवाजात. अक्का त्या पिंजऱ्यासह बाजारामागच्या गल्ल्यांतून फिरू लागल्या. प्रत्येक दारापुढे थांबायच्या, पोपट बोलेपर्यंत वाट बघायच्या आणि आतून कोणी दचकून बाहेर येतं का ते पाहायच्या. शेवटी एका मुसलमान जटकावाल्याच्या, म्हणजे टांगेवाल्याच्या, ओसरीतून खरोखरच बाई धावत बाहेर आली. तो तिच्या वारलेल्या सासऱ्याचा आवाज होता. अक्का त्या ओसरीवर बराच वेळ बसल्या. पाणी घेतलं नाही, पण पोपटासाठी सोललेल्या डाळिंबातले दाणे त्या बाईने पुढे केले ते खाल्ले. मी विचारलं, तर म्हणाल्या, "फळाला कसलं आलंय सोवळं-ओवळं? आणि ती रडत होती ग. रडणाऱ्या माणसाच्या हातचं नको म्हणू नये."

प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर ठरे असं मात्र नाही. आमच्या वठारात हणमंतराव नावाचे गृहस्थ होते. वैद्याने दिलेला कडू काढा ते लालबागेतल्या बाकावर विसरून येत. मुद्दाम विसरत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. अक्कांना तेवढं कळत नसे. बाटली परत येई आणि हणमंतरावांच्या बायकोच्या हातात पडे. शेवटी ते आजोबांना म्हणाले, "ही बाई असेपर्यंत मला मरणसुद्धा विसरता यायचं नाही. घरी आणून देईल."

आता जी गोष्ट सांगायची म्हणून बसले, ती सांगते.

थंडीचे दिवस होते. तेव्हाची बंगळूरची थंडी वेगळी होती. सकाळी अंगणात धुकं उतरायचं आणि नळावरच्या बायका एकमेकींना आवाजावरून ओळखायच्या. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर केंपांबुधी तलाव होता. पलीकडे खडक, बाभळी, मोकळा माळ. त्या बाजूने येताना अक्कांना बांधावर एक गुंडाळी सापडली.

त्यांनी ती अंगणात आणली तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो. वरून काळविटाचं कातडं, वर्षानुवर्षं हाताळून मऊ झालेलं. आत एक लांब दोरी, दोरीला काळ्या शिंगाच्या छोट्या छोट्या खुंट्या, आरशासारख्या गुळगुळीत. प्रत्येक दोन खुंट्यांच्या मधे केसांचं एक वेटोळं, इतकं बारीक की फुंकर मारली तर हलावं. त्या वस्तूत काहीतरी असं होतं की आम्ही हळू आवाजात बोलायला लागलो.

आजोबा म्हणाले, "सर्व्हेवाल्यांचं असणार. मोजणीची जुनी पद्धत." इंजिनियर माणूस, त्यांना दोरीत मोजणीच दिसली. पण वठारातले शास्त्री पुढे झाले. त्यांनी कातड्यावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे कृष्णाजिन आहे. आणि ही काळविटाची शिंगं. यज्ञात दीक्षा घेतलेल्या माणसाजवळ या दोन्ही वस्तू लागतात. खुंट्या आणि दोरी वेदी आखायला. कोणीतरी मोठा याज्ञिक या वाटेने गेला."

"आणि केस?" आजोबांनी विचारलं.

"केसांचं बघावं लागेल," शास्त्री म्हणाले.

आम्ही ब्राह्मणांनी अंगणात उभं राहून हे ठरवलं आणि कोणाला शंका आली नाही. कातडं हरणाचं, म्हणजे पवित्रच. अक्कांनी ती गुंडाळी खुंटीवर नाही टांगली. देवघरात, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला पाटावर ठेवली. रोज तिला फूल. रोज संध्याकाळी निखाऱ्यांवर धूप. इकडे त्याला सांब्राणी म्हणतात. तो धूर त्यांच्या खिडकीतून निघून अंगणभर निळसर पसरायचा आणि मी कामं टाकून दारात उभी राहायचे. त्या दिवसांत अक्कांचा चेहरा वेगळाच दिसे. "कोण असेल ग तो?" त्या विचारत. "रात्री स्वप्नात येतोय. तोंड दिसत नाही. वेदी आखून बसलाय आणि दोरीला थांबलाय."

रोज दुपारी त्या बांधावर जाऊन बसत, वाती वळत. कोणी येत नसे. आठवडे गेले. वैकुंठ एकादशीला मात्र त्या पहाटे गवीपुराकडच्या देवळात गेल्या, मी बरोबर होते. परतताना उजाडत होतं. धुक्यात बांधाच्या उतारावर एक माणूस काठीने गवत बाजूला सारत खाली बघत हळूहळू चालला होता. अक्का थांबल्या.

"विमला, हाच बघ. मी दुपारी बसत होते आणि हा पहाटे येत होता."

त्यांनी हाक मारली. तो पळण्याच्या बेतात होता. वयाने तिशीचा, अंगावर फाटकं कांबळं. पुढचं बोलणं कानडीत झालं, मी मराठीत लिहिते; 'अव्वा' म्हणजे आई, तेवढं तसंच ठेवते.

"काय हरवलं, बाबा?"

"काही नाही, अव्वा. असाच."

"असाच कोणी गवताला काठी लावतं काय? सांग."

तो माझ्याकडे, माझ्या घड्याळाकडे बघत राहिला. मग अक्का बांधावर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "कातड्यात दोरी आहे. पुढचं तू सांग. पटलं तर देते."

तो एकदम खाली बसला. म्हणाला, "शिंगाच्या खुंट्या आहेत. एक मात्र लाकडाची. लहानपणी मी एक हरवली म्हणून बापानं मला बडवलं आणि लाकडाची कोरून बसवली."

लाकडाची खुंटी आम्ही पाहिली होती. शास्त्र्यांनी तिचाही काही अर्थ लावला होता.

"तुझीच आहे," अक्का म्हणाल्या. "तुम्ही यज्ञ कुठं करता?"

"कसला यज्ञ, अव्वा? तित्तर धरतो आम्ही. ते फासे आहेत."

त्याचं नाव यल्लप्पा. आपल्याकडे ज्यांना फासेपारधी म्हणतात, तसे ते लोक. तलावापलीकडच्या खडकांपाशी त्यांची पालं होती. गवतात दोरी मांडायची, खुंट्या रोवायच्या, पाखरू चालत आलं की केसाच्या वेटोळ्यात त्याचा पाय अडकतो. केस घोड्याच्या शेपटीचे. हे सगळं त्याने हाताने हवेत आखून सांगितलं. फासे त्याच्या बापाने केलेले. बाप आता जवळजवळ आंधळा. त्या दिवशी बांधावर तोंड धुवायला गुंडाळी खाली ठेवली आणि विसरला. "तेव्हापासून नीट जेवत नाही. बसला आहे भिंतीकडे तोंड करून. म्हणतो, मी तुमचं घर पाण्यात टाकलं."

अक्का म्हणाल्या, "उद्या आणून देते." आणि उठून घराची वाट धरली.

वठारात ते कळलं तेव्हा शास्त्री आंघोळीला गेले. हणमंतराव म्हणाले, "अक्का, तलावात टाकून द्या. पाप तुमच्या हातून कशाला?" त्यांची बायको म्हणाली, "त्या लोकांचा काय भरवसा? चोरीचंही असेल." आजोबासुद्धा म्हणाले, "अक्का, तुम्ही मुंगी मारत नाही. रोज किती पाखरं मरतील, विचार करा."

अक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "केला विचार. मुंगी माझ्या दारातली. ती मी नाही मारायची. पण दुसऱ्याचं घर पाण्यात टाकलेलं काढून देवासमोर ठेवलं मी, आता परत पाण्यात टाकू? त्याची वस्तू, त्याला द्यायची. त्याचं पुढं काय करायचं, ते त्याचं त्याच्याजवळ." मग जरा थांबून, "मला नाही बरं वाटत, हे खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर त्या स्वैपाकघरात ज्वारीचे दाणे एका फडक्यात बांधत होत्या. गुंडाळी रिकामी कशी परत करायची? गाठ मारता मारता त्यांचा हात थांबला.

"विमला, तित्तर काय खातं ग?"

"दाणे खात असेल."

त्यांनी फडकं सोडलं, दाणे परत डब्यात ओतले. "हे दाणे फाशापुढं टाकले म्हणजे? मीच टाकल्यासारखं की ते." मग पीठ काढलं आणि भाकऱ्या थापायला बसल्या. मडीत असलेली बाई, उन्हं वर येईपर्यंत चुलीपुढे बसून भाकऱ्या करत होती. गुंडाळीवर त्यांनी भाकऱ्यांची चवड बांधली आणि आम्ही निघालो.

पालापाशी यल्लप्पाने ते पाहिलं आणि विचारलं, "भाकऱ्या कशाला, अव्वा?"

अक्कांनी खरं ते सांगितलं. तो हसला, प्रथमच. "तित्तर भाकरीचा चुराही खातो."

"तर मग तू चुरा होऊ देऊ नकोस," अक्का म्हणाल्या. "पोरांना घाल सगळी."

म्हातारा आत होता, खरोखरच भिंतीकडे तोंड करून. पाल कापडाचं, त्याला कसली भिंत. पण त्याने एक बाजू आपली भिंत केली होती. सगळे त्याला अज्जा म्हणत. यल्लप्पाने गुंडाळी त्याच्या मांडीवर ठेवली. अज्जा हलला नाही. मग त्याची बोटं चालू लागली, एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर. प्रत्येक वेटोळं त्याने अंगठ्याने उघडून पाहिलं. लाकडाच्या खुंटीशी आला तेव्हा थांबला आणि मुलाचा हात चाचपून धरला. मी बाहेर बघायला लागले. माळावर धुकं विरत होतं आणि दूर कुठेतरी तित्तर ओरडत होते, जोरजोरात, एकमेकांना उत्तरं देत.

मग अज्जाने गुंडाळी नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली.

"कोणत्या देवाच्या घरी होती ही?"

"कृष्णाच्या," अक्का म्हणाल्या.

यल्लप्पाने हुंगून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "बापा, या वासानं पाखरू फिरकणार नाही."

ईशान, तू म्हणशील की पाखरांना वास तितकासा येत नाही. मलाही पुढे कोणीतरी तसं सांगितलं. त्या माळावर तो प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरात फाशाला माणसाच्या घराचा वास लागला तर तो जाईपर्यंत मांडायचा नाही, अशी रीत होती, आणि अज्जा रीत मोडणारा नव्हता. तो म्हणाला, "वाऱ्यावर टाकू. उन्हात टाकू. जाईल." मग अक्का होत्या त्या दिशेला तोंड करून, "पण आमची नाकं धुरानं मेलेली. ज्या घरचा वास, त्या घरच्या नाकालाच कळायचं. अक्का, तुम्ही येऊन सांगा. तुम्ही गेला म्हणालात की मांडू."

परत येताना अक्का जवळजवळ तरंगत होत्या. गुणगुणत होत्या. मी म्हटलं, "खुशीत दिसता?"

"मी परत दिलं की नाही?"

"दिलं."

"मग झालं. वास देवाचा आहे, माझा नाही. तित्तरांना तेवढंच सुख." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. एखाद्या शाळकरी मुलीला बाईंनी न मागता सुट्टी द्यावी, तशा.

त्या रोज दुपारी उशिरा तिकडे जाऊ लागल्या, भाकऱ्या घेऊन. फासे बाभळीच्या झुडपांवर पसरलेले असत. यल्लप्पा बाजारात ओझी उचलायला जाई, त्याची बायको खडी फोडायला. त्यामुळे कुत्री येऊन कातडं ओढून नेऊ नयेत म्हणून अक्काच राखण बसत. मुंग्यांसाठी रांगोळी काढणारी बाई फाशांची राखण करते आहे, हे पाहायला वठारातल्या बायका एकदा मुद्दाम फिरायला गेल्या होत्या. संध्याकाळी उठताना अक्का एक खुंटी, एक वेटोळं नाकाशी नेत आणि म्हणत, "अजून आहे." अज्जा मान हलवी. "असेल. देवाचा आहे, लवकर कसा जाईल?"

हळूहळू त्यांचं गुणगुणणं थांबलं. यल्लप्पाच्या पाठीवर ओझ्याने फोड आले होते. बायको माझ्यासमोरच अक्कांना म्हणाली, "भाकरी चांगली असते, अव्वा. पण दुसऱ्याच्या हाताकडे बघून खाताना पोरं गप्प बसतात. आमची पोरं गप्प बसणारी नव्हती." त्या दिवशी घरी येताना अक्का तलावाच्या पायरीवर टेकल्या. "वस्तू दिली ग मी," त्या म्हणाल्या. "पण तिचा उपयोग माझ्याकडंच राहिला. म्हणजे काय दिलं?"

आणखी काही दिवसांनी मी त्यांच्याबरोबर गेले असताना एक वेटोळं सहज हाताशी आलं. मी ते हुंगून पाहिलं. ऊन, गवत, थोडी धूळ. दुसरं पाहिलं, तेही तसंच. अक्कांनी आपल्या हातातली खुंटी नाकाशी नेली, माझ्याकडे न बघता. बाभळीखाली तित्तरांची एक जोडी मातीत अंग घोळत होती, अगदी निर्धास्त.

"अजून आहे," अक्का म्हणाल्या.

मी हातातलं वेटोळं परत झुडपावर टाकलं. त्यानंतरच्या खेपांनाही त्या तेच म्हणत राहिल्या. रोज त्यांचा आवाज थोडा अधिक बारीक होत होता.

दरम्यान आजोबांना कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. सामान गेलं होतं. निघायच्या दिवशी मी अक्कांचा निरोप घ्यायला वठारात गेले तर त्या तिकडे गेल्या होत्या. जटका रस्त्यावर उभा करून मी बांधावर चढले. ऊन उतरत होतं, तलावाचं पाणी पितळेसारखं झालं होतं. त्या दिवशी सगळेच तिथे होते. यल्लप्पा हातात वेटोळं धरून बापाशी वाद घालत होता.

"मला काही वास येत नाही, बापा. कालही नव्हता."

"तुझ्या नाकाला काय कळतंय?" अज्जा म्हणाला. "अक्कानं सांगितलंय का? नाही ना? मग नाही. आमची गुंडाळी कोणालाही सापडली असती. हिला सापडली आणि हिनं आणून दिली. ही कशाला खोटं सांगेल?"

अक्का झुडपाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. मग दोरीच्या एका टोकापासून सुरुवात केली. एकेक खुंटी उचलायची, हुंगायची, सोडायची. घाई नव्हती. लाकडाची खुंटीही त्यांनी हुंगली. शेवटचं वेटोळं त्या इतका वेळ नाकाशी धरून उभ्या राहिल्या की मला वाटलं, रडताहेत. रडत नव्हत्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

"पुरा?" अज्जाने विचारलं.

"पुरा. कधीचाच."

अज्जाने ते 'कधीचाच' ऐकलं असेल तर दाखवलं नाही. त्याने हात पुढे केला, अक्कांनी दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. बापलेकांनी मिळून फासे गोळा केले, कातड्यात गुंडाळले आणि ते गवतात उतरले. यल्लप्पा पुढे, अज्जा मागे, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. पालाकडून मुलं ओरडत त्यांच्यामागे धावली आणि बायकोने त्यांना दटावून परत बोलावलं.

मी अक्कांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नव्या घरी सरी होईल, नीट होईल सगळं. पाणी मोजून घाल." मी म्हटलं, "चला ना अक्का, जटका आहे, तुम्हाला वठारापाशी सोडते."

"तू हो पुढं. मी स्वल्प बसते."

"थंडी पडेल."

"पडू दे. आज पाखरांना सोडून कसं जाऊ?"

त्या बांधावर बसल्या, माळाकडे तोंड करून. मी उतरून जटक्यात बसले आणि वळणापाशी एकदा मागे पाहिलं. गवतात दूर दोन माणसं वाकून काहीतरी रोवत होती. तित्तर ओरडत होते. अक्कांच्या मांडीवर दोन्ही हात उताणे पडले होते, आणि त्या ऐकत होत्या.